लिटरभर तेलाचे वजन किती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लोणच्याचा आणि लग्नसराईचा हंगाम खान्देशात एकदमच येतो आणि त्याच सुमारास आमच्याकडे तेलाच्या मापाविषयीची पत्रे वाढतात. कोणी डबा किलोचा घ्यावा की लिटरचा असे विचारते, कोणाच्या बरणीला बुरा आलेला असतो, कोणाला घाण्यावर आपण फसलो असे वाटते. या वेळचे सगळे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे. उत्तरांतले दर फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

१ लिटर तेलाची पिशवी घरच्या काट्यावर ठेवली तर ९१७ ग्रॅमच भरली. लिटर म्हणजे किलोच ना? मग ८३ ग्रॅम तेल गेले कुठे? (गृहिणी, पाचोरा)

तेल कुठेही गेलेले नाही. १ लिटर म्हणजे १ किलो हे फक्त पाण्यापुरते खरे आहे. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगते. आपल्याकडची स्वयंपाकाची बहुतेक तेले लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतात. पिशवी उलटी करून बघा, लिटरच्या शेजारीच ग्रॅममधले निव्वळ वजन छापलेले असते. तुमच्या ९१७ मधले सहा-सात ग्रॅम पिशवीच्या प्लास्टिकचे आहेत. म्हणजे माल बरोबर आहे.

हिशेब एकाच आकड्यावर चालतो: ०.९१. लिटरचे किलो करायचे तर ०.९१ ने गुणा, किलोचे लिटर करायचे तर ०.९१ ने भागा. भागाकार नको असेल तर १.१ ने गुणले तरी घरच्या कामाला पुरते. गुणायचे की भागायचे यात गोंधळ झाला तर एवढेच पाहा, की तेलाच्या बाबतीत लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठाच यायला हवा. ५ किलोचे ४.५५ लिटर आले तर हिशेब उलटा झाला.

नेहमी लागणारे आकडे असे: १०० मिली म्हणजे ९१ ग्रॅम, अर्धा लिटर म्हणजे ४५५ ग्रॅम, ५ लिटर म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम, १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. उलट्या बाजूने १ किलो म्हणजे जवळजवळ १,१०० मिली, ५ किलो म्हणजे साडेपाच लिटर आणि १५ किलो म्हणजे साधारण साडेसोळा लिटर.

पिशवी खरोखरच कमी भरली तर? ५०० ग्रॅम ते १ किलोच्या पाकिटात एखाद्या नगाला १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात धरलेली आहे, पण ती अधूनमधून, प्रत्येक नगाला नव्हे. ९१० ग्रॅम छापलेल्या पिशवीत प्लास्टिक वजा जाता ८९५ ग्रॅमपेक्षा कमी तेल निघाले, तर पिशवी न फोडता बिलासह जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात न्या, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्याआधी घरचा काटा तपासून घ्या. स्वयंपाकघरातले स्वस्त काटे पाच-दहा ग्रॅम सहज इकडेतिकडे दाखवतात, आणि पंख्याच्या किंवा कूलरच्या झोताखाली तर त्यांचा आकडा ठरतच नाही.

लग्नासाठी आचाऱ्याने ६० किलो शेंगदाणा तेल लिहून दिले. दुकानात १५ किलोचा डबा २,७०० रुपयांना आणि १५ लिटरचा २,५५० रुपयांना आहे. दोन्ही डबे दिसायला सारखेच. लिटरचे चार डबे घेतले तर ६०० रुपये वाचतात. घ्यावेत का? (वधूपिता, धरणगाव)

घेऊ नका. लिटरच्या चार डब्यांत ५४ किलो ६०० ग्रॅम तेल येते. म्हणजे ५ किलो ४०० ग्रॅम तेल कमी पडणार, आणि ते कमी पडल्याचे कळणार पुऱ्या तळायला घेतल्यावर. मग ऐनवेळी पाचवा डबा, आणि खर्च १०,८०० च्या जागी १२,७५० रुपये.

भावातही तो डबा महागच आहे. २,७०० भागिले १५ म्हणजे किलोला १८० रुपये. २,५५० भागिले १३.६५ म्हणजे किलोला जवळजवळ १८७ रुपये. लिटरच्या डब्याची किंमत किलोच्या डब्याच्या ९१ टक्के असेल तेव्हा दोन्ही सारखे पडतात. तुमच्या उदाहरणात ती किंमत येते २,४५७ रुपये. त्याखाली मिळाला तर लिटरचा डबा घेणे फायद्याचे, त्यावर असेल तर किलोचा.

दुकानात डबा काट्यावर ठेवून ‘बघा, पंधरा किलोच्या आसपास आहे’ असे दाखवले तरी समाधान मानू नका. रिकाम्या पत्र्याच्या डब्याचे बारदानच किलोभराच्या जवळपास असते. १५ लिटरचा डबा म्हणूनच काट्यावर साडेचौदा-पावणेपंधरा किलो दाखवतो आणि किलोच्या डब्यासारखा भासतो. डब्यावर ‘निव्वळ वजन’ या शब्दांपुढचा आकडा वाचा. शंका आली तर आधीचा रिकामा डबा मागून त्याचा धडा करा, म्हणजे त्याचे वजन वजा धरा.

मात्र लिटरचा डबा दरवेळी टाळावा असेही नाही. यादी ४० किलोची असती तर लिटरचे तीन डबे म्हणजे ४० किलो ९५० ग्रॅम, अगदी बेताचे. किलोचे तीन घेतले असते तर ५ किलो उरले असते. आचाऱ्याने तोंडी नुसते ‘चार डबे’ सांगितले असेल तर कोणते डबे हे त्यालाच विचारा. शेवभाजी आणि वांग्याचे भरीत अशा तेल मागणाऱ्या पदार्थांचा बेत असेल तेव्हा तर हे विचारणे फारच गरजेचे.

आमचा छोटा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा आणि तिळाचे तेल १ लिटरच्या बाटल्यांत भरून विकायचे आहे. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो का? लेबलवर काय लिहावे? थंडीत गिऱ्हाइके ‘बाटली कमी भरली’ म्हणतात, उन्हाळ्यात त्याच बाटल्या झाकणातून पाझरतात. (घाणाचालक, शहादा)

तेलागणिक फरक असतो, पण थोडा. ३० अंश सेल्सिअसला १ लिटर शेंगदाणा तेल साधारण ९०८ ग्रॅम भरते, तिळाचे ९११, सरकी आणि सूर्यफूल ९१२ च्या आसपास, सोयाबीन ९१३, करडई ९१६, पामोलिन ९०५. यात दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे धरावेत, कारण बियाण्याचा वाण आणि तेलातला ओलावा यांनीही आकडा हलतो.

खरा फरक पाडते ते तापमान. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ तिथेच आहे. तेल तापले की पसरते. वजन तेवढेच राहते, जागा मात्र जास्त लागते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये जे आकडे दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत: १ लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणजे दर अंशाला लिटरमागे पाऊण ग्रॅमला थोडे कमी, सुमारे ०.६८ ग्रॅम. बाकीची तेलेही जवळपास याच प्रमाणात पसरतात.

हे आपल्याकडच्या हवेला लावून पाहा. जानेवारीत पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंश हे खान्देशात नवल नाही. या ३५ अंशांत १ लिटर तेलाच्या वजनात २४ ग्रॅमचा फरक पडतो. सोयाबीन तेलाचा १५ किलोचा एक डबा थंडीत मापाने १६.१९ लिटर भरेल, भर उन्हाळ्यात १६.६१ लिटर. तेल तेच, डबा तोच, आणि फरक जवळजवळ ४२० मिलीचा. मापाने तेल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे उन्हाळ्यात नुकसान होते, आणि मापाने विकणाऱ्या दुकानदाराचे थंडीत.

काही कंपन्या पूर्वी लेबलवर ‘६० अंशांना १ लिटर’ असे लिहीत. एवढ्या तापमानाचा आधार घेतला की लिटर पूर्ण दिसतो आणि तेल मात्र कमी जाते. त्यामुळेच विभागाने १५ जानेवारी २०२३ पर्यंत लेबले बदलायला सांगितली होती: मिली-लिटरमधले माप तापमान न लिहिता द्यायचे आणि त्याच्यासोबत वजनही द्यायचे. तुमच्या लेबलवर म्हणून दोन्ही हवे, उदाहरणार्थ ‘निव्वळ १ लिटर, ९१० ग्रॅम’, आणि दोन्ही खरे हवे.

बाटली मापाने भरू नका, काट्यावर भरा. रिकामी बाटली काट्यावर ठेवा, टेअर दाबून शून्य करा, ९१५ ग्रॅमपर्यंत तेल सोडा. बरोबर ९१० ला थांबलात तर शेंगदाणा तेलाचा लिटर पूर्ण होईल, पण तिळाच्या तेलाचा एखादा मिली कमी पडेल. थंडीत तेल आकसते, तेव्हा लिटर पूर्ण करायला आणखी थोडे लागते. भरण्याच्या खोलीत १५ अंश असतील तर ९२५ ग्रॅम धरा. पाच-दहा ग्रॅम जास्त गेले तर जाऊ द्यावेत, तक्रारीपेक्षा ते स्वस्त आहे.

बाटली ज्या कारखान्यातून घेता त्याला काठोकाठची क्षमता विचारा. १५ अंशांना भरलेले लिटरभर तेल ४५ अंशांना सुमारे २२ मिलीने वाढते. बाटली काठोकाठ १,०२० मिलीचीच असेल तर उन्हात ठेवलेल्या खोक्यात ती पाझरणारच. काठोकाठ १,०५० ते १,०६० मिली मावेल अशी बाटली घ्या. थंडीत पातळी खाली दिसली की गिऱ्हाइकाला शब्दांनी पटवत बसू नका, बाटली काट्यावर ठेवून दाखवा. रिकाम्या बाटलीचे वजन लेबलवर बारीक अक्षरांत छापले तर ते आणखी सोपे जाईल.

नुकतेच घाण्यातून निघालेले तेल लगेच भरू नका. त्यात फेस असतो आणि गाळही. फेसामुळे माप फुगते, गाळामुळे वजन. दोन-तीन दिवस निवळू द्या, वरचे तेल कापडातून गाळा, मगच भरा. विक्रीच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून शिक्का घ्यावा लागतो. तेलाच्या मापांची पडताळणी दोन वर्षांनी होते. पोचा आलेले माप बाद समजा, पोचा आतल्या बाजूला असतो तेव्हा माप तेवढे लहान झालेले असते.

घरचे शेंगदाणे घाण्यावर नेले. १० किलो शेंगदाण्यांचे तेल ५ लिटरच्या कॅनमध्ये सगळे मावले, कॅन भरलाही नाही. चिठ्ठीवर ४ किलो १०० ग्रॅम लिहिले होते. निम्मे तेल निघायला हवे होते ना? (शेतकरी, चोपडा)

चिठ्ठी खरी दिसते. ४.१ भागिले ०.९१ म्हणजे साडेचार लिटर, म्हणजे ५ लिटरचा कॅन भरायला अर्धा लिटर कमी. तुमच्या वर्णनाशी ते जुळते.

शेंगदाण्यात तेल असते वजनाच्या ४५ ते ५० टक्के, पण लाकडी घाण्यात ते सगळे निघत नाही, काही ढेपेत राहते. दाणा चांगला भरलेला आणि कोरडा असेल तर १० किलोला ४ किलोच्या आसपास तेल येणे रास्त आहे. खात्री करायची असेल तर ढेपही वजन करून घ्या. तेल आणि ढेप मिळून साडेनऊ किलोच्या पुढे भरायला हवी, उरलेली घट ओलाव्याची आणि घाण्याला चिकटलेल्या मालाची. बेरीज ९ किलोच्या खाली आली तर विचारणा करायला जागा आहे.

पुढच्या वेळी भांडे नेताना ध्यानात घ्या: ५ लिटरच्या कॅनमध्ये ५ किलो तेल मावत नाही, साडेचार किलोच मावते. ५ किलोला निदान ६ लिटरचे भांडे लागते.

पाककृतीत ५ किलो कैरीच्या फोडींना सव्वा किलो तेल होते. मी तेल कडकडीत तापवून, जरा निवल्यावर मापाने सव्वा लिटर मोजून घातले. महिन्याभरात वरच्या फोडींना पांढरा बुरा आला. (गृहिणी, अमळनेर)

तुमच्या मोजण्यात दोन चुका एकीवर एक बसल्या. सव्वा लिटर थंड तेल म्हणजे १ किलो १३८ ग्रॅम, इथेच ११२ ग्रॅम कमी पडले. त्यात तेल गरम असताना मोजले. १५० अंशांच्या आसपासचे तेल लिटरला ८२५-८३० ग्रॅमच भरते. त्या हिशेबाने तुमच्या लोणच्यात जेमतेम १ किलो ३० ग्रॅम तेल गेले, म्हणजे २२० ग्रॅम कमी. फोडींवर एक बोट तेल राहायला हवे ते राहिले नाही, वरच्या फोडी हवेत उघड्या पडल्या आणि बुरा तिथेच धरला.

तेल नेहमी तापवण्याआधी, कोरड्या भांड्यात, काट्यावर मोजा. काटा नसेल तर सव्वा किलोसाठी १ लिटर ३७५ मिली घ्या. तापवल्यावर पूर्ण गार होऊ द्या, हाताला कोमटही लागता कामा नये.

बुरा आलेले लोणचे वरवर काढून खाऊ नका. जिथे दिसतो त्याच्या खालीही तो पसरलेला असतो. दुसऱ्या बरण्यांतले लोणचे अजून स्वच्छ असेल तर त्यांत किलोभर फोडींमागे ४५-५० मिली या हिशेबाने गार केलेले तेल आजच ओता आणि चार दिवसांनी पातळी पुन्हा पाहा, फोडी तेल पितात. बुरशीला आणखीही कारणे असतात, ओली बरणी, कमी मीठ, फोडींचे न सुकलेले पाणी. तेवढीही तपासून पाहा.

भजी-कचोरीची गाडी आहे. सकाळी कढईत १० किलो तेल ओततो, रात्री उरलेले मापाने ७ लिटर भरले. म्हणजे दिवसाला ३ किलो तेल लागते असे धरू का? (विक्रेता, भुसावळ)

३ किलो नव्हे, ४ किलोच्या जवळ लागते, आणि तुमचा भाव ३ किलोवर ठरला असेल तर रोज किलोभर तेलाचे पैसे खिशातून जात आहेत.

किलोतून लिटर वजा करता येत नाहीत. गार ७ लिटर म्हणजे ६ किलो ३७० ग्रॅम, म्हणजे खर्च ३ किलो ६३०. आणि आवरताना तेल अजून तापलेले असेल, समजा १०० अंश, तर त्या ७ लिटरचे वजन ६ किलोच्या थोडेच वर असते. तेव्हा खर्च सुमारे ४ किलो.

गरम तेल मापायला जाऊ नका. प्लास्टिकचे माप मऊ पडते आणि हात भाजण्याची भीती वेगळी. रात्री झाकून ठेवा, सकाळी स्टीलच्या रिकाम्या डब्याचा धडा करून त्यात ओता आणि वजन घ्या. खाली बसलेला चुरा आधी गाळून टाका, नाहीतर तोही तेल म्हणून मोजला जाईल. हा हिशेब आठवडाभर रोज लिहिला की एका किलो पिठामागे किती तेल जाते हे नेमके कळेल, एका दिवसावरून ठरवू नका.

कढई भरण्याचाही याच्याशी संबंध आहे. ३० अंशांचे तेल १८० अंशांपर्यंत तापले की बारा-साडेबारा टक्के फुगते. गार ५ लिटरचे ५.६ लिटर होते, त्यात भज्यांनी आणखी पातळी चढते आणि फेस वेगळाच. कढईचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवा, भट्टीवर तेल उतू जाणे म्हणजे आगच. उरलेल्या तेलात रोज नवे तेल घालत राहण्यालाही मर्यादा आहे. तळून तळून तेलात ध्रुवीय संयुगे तयार होतात आणि ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते तेल खाद्य वापरातून बाद, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तेल काळे, चिकट झाले, लवकर धूर सोडू लागले आणि फेस खाली बसेना, की बदलायची वेळ झाली.

दुधाच्या लॅक्टोमीटरने तेल मोजता येईल का? (दूध उत्पादक, रावेर)

नाही. तो पाण्यापेक्षा जड द्रवासाठी बनवलेला असतो. तेलात सोडला तर तळाला जाऊन बसेल.

शेंगदाणा तेलात सरकी किंवा पामोलिन मिसळले आहे का, हे लिटरच्या वजनावरून ओळखता येईल का? (वाचक, साक्री)

नाही येणार, आणि असे ओळखून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २० अंशांना पाण्याच्या तुलनेत शेंगदाणा तेलाची घनता ०.९१२ ते ०.९२० या टप्प्यात चालते, सरकीची ०.९१८ ते ०.९२६. हे टप्पे एकमेकांत शिरलेले आहेत. निम्मी सरकी मिसळली तरी लिटरच्या वजनात दोन-तीन ग्रॅम फरक पडेल, आणि तेवढा फरक तर चार-पाच अंश तापमानानेही पडतो. पामोलिनचेही तसेच.

हे काम प्रयोगशाळेचे आहे. सरकीसाठी हाल्फेन चाचणी असते, तीत सरकीच्या तेलाला लाल रंग चढतो. शुद्ध शेंगदाणा तेलाची बेलियर चाचणीत गढूळ होण्याचे तापमान ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान यावे लागते. नमुना सीलबंद बाटलीतच द्या. थंडीत शेंगदाणा तेल दाटले, पांढुरके झाले एवढ्यावरून भेसळ ठरवू नका, ते शुद्ध तेलही करते.

आजीच्या वहीत ‘पावशेर गोडेतेल’, ‘छटाकभर तेल’ असे आहे. किती घ्यावे? (वाचक, नंदुरबार)

८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक ५८ ग्रॅम. तेलात पावशेर म्हणजे २५६ मिली, छटाक म्हणजे ६४ मिली. पाव लिटरचे माप भरून घेतले तर पावशेर जवळजवळ बरोबर येतो, छटाकाला चार मोठे चमचे आणि वर थोडे. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. वही त्यानंतरची असेल तर ‘पावशेर’ म्हणजे आजच्या बोलण्यातले २५० ग्रॅमही असू शकतात, तेव्हा २७५ मिली. गावोगावचे शेर निराळे असत, म्हणून वहीतल्या एखाद्या ओळखीच्या पदार्थावर आधी पडताळून पाहा.

डॉक्टरांनी माणशी महिन्याला ५०० ग्रॅमच तेल वापरायला सांगितले आहे. घरात चार माणसे. पळीने कसे मोजू? (गृहिणी, धुळे)

चौघांचे महिन्याला २ किलो म्हणजे २ लिटर २०० मिली. महिन्याच्या सुरुवातीला तेवढेच वेगळ्या बरणीत काढून ठेवा, रोज चमचे मोजण्यापेक्षा हे पाळले जाते. रोजचे चौघांचे होतात ६७ ग्रॅम, म्हणजे ७३ मिली.

मापाचा मोठा चमचा १५ मिलीचा असतो, त्यात १३.६ ग्रॅम तेल येते, छोटा ५ मिलीचा, त्यात साडेचार ग्रॅम. म्हणजे दिवसाला पाच मोठे चमचे, सगळ्यांचे मिळून. भाकरीबरोबर घेतलेले कच्चे तेल आणि भरतावरचे तेलही त्यातच. घरची पळी मात्र १० मिलीपासून ४० मिलीपर्यंत कितीही असू शकते. ती काट्यावर एकदा मोजा: वाटी ठेवून शून्य करा, पळीने दहा वेळा तेल घाला, आलेल्या वजनाला दहाने भागा. एकाच पळीचे वजन घेतले तर काट्याची चूकच मोठी ठरते. ग्रॅमला ९ कॅलरी हा हिशेब सर्व तेलांना सारखाच लागू आहे.

एका पिशवीवर ‘०.१६५ रुपये प्रति मिली’ आणि दुसरीवर ‘०.१८ रुपये प्रति ग्रॅम’ छापले आहे. पहिली स्वस्त ना? (वाचक, चाळीसगाव)

उलटे आहे. मिलीच्या दराला ०.९१ ने भागा: ०.१६५ भागिले ०.९१ म्हणजे ग्रॅमला ०.१८१ रुपये. दुसरी पिशवी किंचित स्वस्त पडते. हा एककाचा दर पाकिटावर छापणे बंधनकारक आहे आणि त्याचा उपयोग जरूर करावा, कारण हल्ली लिटरच्या पिशवीएवढ्याच दिसणाऱ्या ७५०, ८००, ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्या बाजारात आल्या आहेत. ८७० ग्रॅम म्हणजे ९५६ मिली, ७५० ग्रॅम म्हणजे फक्त ८२४ मिली. दर्शनी किंमत बघून उचलू नका, दोन्ही पिशव्यांचा ग्रॅमचा दर काढा आणि मगच ठरवा.

घरच्या तेलाचा नेमका आकडा आम्हाला स्वतः काढायचा आहे. प्रयोगशाळेशिवाय जमेल का? (विज्ञान शिक्षिका, शिरपूर)

उत्तम जमते, आणि वर्गातही करून दाखवता येते. अरुंद तोंडाची, झाकणाची अर्ध्या लिटरची काचेची बाटली घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. कोरडी बाटली ठेवून शून्य करा. पाणी अगदी काठापर्यंत भरा, बाहेरचे थेंब पुसा, वजन लिहा. बाटली रिकामी करून उन्हात पूर्ण वाळवा, आत थेंबभर पाणी राहिले तरी आकडा बिघडतो. मग तेच तेलाने भरा. तेल कडेने हळू सोडा आणि बुडबुडे वर येईपर्यंत दहा मिनिटे थांबून मग काठापर्यंत पुरे करा. तेलाचे वजन भागिले पाण्याचे वजन, एवढेच. पाणी ५२० ग्रॅम आणि तेल ४७४ ग्रॅम भरले तर उत्तर ०.९१२.

पाणी आणि तेल रात्रभर एकाच खोलीत ठेवलेले असावे, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे राहते, आणि ते तापमान उत्तरासोबत लिहून ठेवा. अरुंद तोंड महत्त्वाचे: रुंद तोंडाच्या भांड्यात काठावर एक मिलीमीटर पातळी चुकली तरी कितीतरी तेल कमीजास्त होते. उत्तर ०.९० ते ०.९३ च्या बाहेर आले तर तेलाला दोष देण्याआधी बाटली कोरडी होती का आणि मोजण्याआधी काटा शून्यावर आणला होता का ते बघा. हाच प्रयोग जानेवारीत आणि मे महिन्यात करून दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले, की तापमानाचा परिणाम मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.